सोन्याने बुजवलेली खाच

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात एक कुंभारीण राहत असे. मडकं ठोकून घडवायचं तिचं लाकडी थापटणं सात पिढ्यांचं होतं. त्याच्या मुठीवर अंगठ्याची खाच पडली होती. ती कुणी कोरली नव्हती. पणजोबा, आजोबा, बाप, सगळ्यांच्या अंगठ्यांनी झिजून झाली होती.

त्या घरची रीत अशी, की मुलाचा अंगठा खाचेत नेमका बसला की त्याच दिवशी त्याच्या हाती माती द्यायची. कुंभारणीच्या लेकीचा अंगठा तांदळाएवढाच कमी पडत होता. ती रोज लावून बघायची.

एकदा राजा कुंभारणीच्या माठातलं पाणी प्यायला आणि भलताच खूश झाला. ज्या हत्याराने असा माठ घडतो, त्याचा सन्मान झाला पाहिजे म्हणाला आणि थापटणं राजवाड्यात घेऊन गेला. पंधरा दिवसांनी ते वाजतगाजत परत आलं. खाच दिसेना. राजाच्या सोनाराने ती सोन्याने भरून गुळगुळीत केली होती.

आता सांगा, ह्याला सन्मान म्हणायचं? दरबारात एवढे शहाणे, पण त्या बाईला विचारावं असं एकालाही सुचलं नाही. मला तर हे सांगतानाही राग येतो.

लेकीने अंगठा टेकवला, तो घसरला. कुंभारीण तशीच दरबारात गेली.

"महाराज, माझ्या बापजाद्यांचे अंगठे तुम्ही बुजवलेत," ती म्हणाली. "आता माझ्या लेकीनं हात कुठं ठेवायचा?"

"अगं, सोनं आहे ते," राजा म्हणाला. "झिजलं होतं, आम्ही नवं करून दिलं."

"झिजलं होतं म्हणूनच ते आमचं होतं, महाराज."

राजा वरमला. त्याने सोनं काढायला लावलं. पण सोनं घट्ट बसावं म्हणून सोनाराने लाकूड आतून आधीच उकरलं होतं. खाली उरलं ते वेडंवाकडं भगदाड. राजाने जमीन देऊ केली, ती कुंभारणीने घेतली नाही. घरी येऊन रीत मोडून तिने लेकीच्या हाती माती दिली, चाक गाडीत घातलं आणि नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात राहायला गेली. आज हिचं, उद्या आपलं, असं म्हणत बाकीचे कुंभारही मागोमाग गेले.

त्या उन्हाळ्यात राज्यात एकही माठ मिळेना. राजा सोन्याच्या घागरीतलं कोमट पाणी पीत बसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वारशाला हात लावण्याआधी, तो ज्याचा आहे त्याला विचारावं.