रांजणानं ओ दिली

ऐका हं बाळांनो, एक होता राजा. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, पण दुपारची झोप काही नव्हती. का नव्हती? तर त्याची लेक बकुळा. पोर अवघी दोन वर्षांची, पण दुपारचं जेवण झालं की असं भोकाड पसरायची, की राजवाड्यात कुणाचा डोळा लागायचा नाही.

मग राजानं दाई आणली. तिनं खुळखुळा वाजवला. पोर रडली. दुसरी आणली. तिनं बागुलबुवाची भीती घातली. पोर आणखीच रडली. मग आली तिसरी, गोजरा. बिचारीचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही, लोकांची दळणं दळून पोट भरायची. तिनं पोरीला नुसतं मांडीवर घेतलं आणि जात्यावर गावं तशी गायली,

चिमणी निजली पानात,
बकुळा निजंल गाण्यात,
जोऽ जोऽ जोऽऽ

शेवटचा 'जोऽऽ' ती अगदी खाली न्यायची, पोटातून. आणि त्या 'जोऽऽ'वर पोर झोपायची! राजा झोपला, राणी झोपली, माहूतसुद्धा हत्तीला टेकून घोरायला लागला. गोजराला वाटलं, देवानं आपली रिकामी मांडी भरली.

असं वर्षभर चाललं, बरं का. मग एका सोमवारी काय झालं, गोजरानं शेवटचा 'जोऽऽ' लावला, आणि खोलीत दुसरंच कुणीतरी बोललं, "हूंऽऽ".

गोजराला वाटलं, गाय हंबरली असेल. मंगळवारी परत "हूंऽऽ". दासी पंखे टाकून पळाल्या. बुधवारी स्वतः राणी ऐकायला बसली. "हूंऽऽ"! राणीनं बकुळाला उचललं आणि पदराखाली घेतलं.

प्रधान म्हणाला, "महाराज, या बाईच्या गळ्यात भूत आहे. तिला आजच्या आज राज्याबाहेर घालवा."

राजाला वाईट वाटलं. पण लेकीच्या जिवाची भीती मोठी. तो खाली बघून म्हणाला, "गोजरा, तू जा."

गोजरानं लुगडं गाठोड्यात बांधलं. आतून बकुळा हाका मारत होती, "गोजाई, गोजाई!" गोजरानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचललाच नसता. शरू, डोळे पूस बाळ, गोष्ट अजून संपली नाही.

दारात तिला भेटली म्हाळसा कुंभारीण. गाढवावर मडकी लादून आली होती. म्हातारी, पण कान असे, की मडकं टिचकी मारून सांगायची, कच्चं का पक्कं.

"का गं रडतेस?" म्हाळसानं विचारलं. गोजरानं सगळं सांगितलं.

"सगळ्याच गाण्यावर हुंकार येतो, का एकाच सुरावर?"

"एकाच, म्हाळसाकाकू. खालच्या 'जोऽऽ'वर."

"मग चल माघारी!" म्हातारीनं तिचा हात धरला आणि तडक राजापुढं नेलं. म्हणाली, "महाराज, हिला एकदाच गाऊ द्या. भूत नाही सापडलं, तर हिच्याबरोबर मीही जाते."

राजानं मान डोलावली. सगळे बकुळाच्या खोलीत आले. पहिल्यांदा गोजराचा सूर फुटेचना. मग बकुळानं येऊन तिच्या पायाला मिठी मारली, आणि सूर लागला. "जोऽऽ".

"हूंऽऽ".

"थांबू नकोस, तोच धर!" म्हाळसानं खिडकीला हात लावला. गप्प. समईला हात लावला. गप्प. मग दाराआड गेली, आणि हसली. "अगं बाई, हा तर माझाच रांजण! सोमवारी सकाळी मीच आणून ठेवला. महाराज, हात लावा इथं."

राजानं भीत भीत रांजणाला तळवा लावला. गोजरानं सूर धरला, आणि राजाच्या हाताला अशा गुदगुल्या झाल्या, की तो खुदकन हसला.

प्रधान ओरडला, "म्हणजे बाईनं भूत रांजणात घातलं!"

"असं? मग तुम्ही या," म्हाळसा म्हणाली. "त्याच सुरात हूं करा." प्रधानानं मिशीवर हात फिरवून "हूंऽऽ" केलं. थोडं वर, थोडं खाली, आणि मग नेमका सूर लागला. रांजण लगेच म्हणाला, "हूंऽऽ"!

"आता प्रधानजींनाही गाठोडं बांधायला सांगू का?" म्हाळसानं विचारलं. राणी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मग म्हाळसानं सांगितलं, "महाराज, मडक्याच्या पोटात वारा असतो. प्रत्येक मडक्याचा एकेक सूर ठरलेला. त्या सुरात हाक मारली, की आतला वारा थरथरतो आणि ओ देतो. पोकळी लहान केली, की सूर चढतो. बघा हवं तर."

तिनं रांजणात एक घागर पाणी ओतलं. खालच्या 'जोऽऽ'ला रांजण गप्प, वरच्याला बोलला. दुसरी घागर ओतली. आणखी वरच्याला बोलला. मग काठोकाठ भरला, तर गोजरा कशीही गावो, रांजण आपला गप्पच!

राजा उठला. गोजरासमोर आला. "बाई, मी भ्यालो. न विचारता तुला घालवलं. चूक माझी झाली." राजानं असं सर्वांसमोर म्हटलं, बरं का. "आता सांग, रांजण भरलेला ठेवू का रिकामा?"

गोजरानं बकुळाला कडेवर घेतलं. म्हणाली, "रिकामाच असू दे, महाराज. वर्षभर मी एकटीच गाते आहे. कुणी साथ केली तर बरंच."

मग पाणी झाडांना घातलं. म्हाळसाला राणीनं लुगडं दिलं, गाढवाला गूळ दिला. गोजरा गायला लागली, रांजण हूं म्हणायला लागला. बकुळा झोपली. राजा रांजणाला पाठ टेकून झोपला. प्रधान उभ्या उभ्या झोपला.

आणि तुम्ही? एकजण तर मघाच निजलाय वाटतं. निजा रे बाळांनो, मी थोपटते.