शेकरूच्या पिल्लाचा वर्ग

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक शेकरू आपल्या पिल्लासह राहत असे. पिल्लू उड्या मारण्यात भलतेच तरबेज होते. धनेश पक्ष्याच्या शाळेत त्याच्या वयाची पिल्ले शेजारच्या फांदीवर उडी मारतानाही डोळे मिटून घेत. हा पठ्ठ्या मात्र पलीकडचे झाड गाठून परतही येई. मग दिवसभर कंटाळून इतरांच्या शेपट्या ओढत बसे. घरी रोज तक्रार.

वैतागून आई शाळेत गेली. "गुरुजी, याला मोठ्यांबरोबर उड्या मारू द्या की!"

धनेश गुरुजींनी आपली भली मोठी चोच हलवली. "शेकरूबाई, वर्ग दोनच. खालच्या फांदीचा आणि वरच्या फांदीचा. वर जायचे तर सगळ्याच विषयांत जायचे."

"अहो, पण वरच्या वर्गाला स्वतःचे घरटे विणून त्यात राहावे लागते. याला अजून काडी नीट धरता येत नाही!"

"मग खालीच राहू द्या."

आईने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी 'हुशार आहे, शिकेल' असे म्हणत तिने त्याला वर पाठवले.

उड्यांत पिल्लाने मोठ्यांनाही मागे टाकले. घरटे मात्र काही केल्या जमेना. कुणाला विचारावे तर लाज वाटे. सगळे त्याला हुशार म्हणत ना! पाचव्या दिवशी भर दुपारी वारा सुटला आणि ते कच्चे घरटे पिल्लासकट खाली कोसळले. नशीब, पिल्लू मध्येच एका वेलीत अडकले.

आई आणि गुरुजी धावत आले. पिल्लू म्हणाले, "आई, मला फक्त उड्या मोठ्यांबरोबर हव्या होत्या. घरटे माझ्या मित्रांबरोबरच शिकायचे होते. पण मला कुणी विचारलेच नाही."

"तसा नियम नाही," गुरुजी पुटपुटले.

"नियम तुम्हीच केलात ना? मग तुम्हीच बदला!" आई कडाडली. "उड्यांच्या तासाला हा वर येईल, बाकी वेळ खाली बसेल. एका फांदीवरून दुसरीवर जायला याला किती वेळ लागतो, ते तुम्ही पाहिलेच आहे!"

गुरुजींनी नियम बदलला. दुसऱ्या दिवसापासून पिल्लू उड्यांपुरते वर जाई आणि खाली येऊन मित्रांबरोबर वाकड्यातिकड्या काड्या गुंफत बसे.

तात्पर्य : मूल ज्यात पुढे आहे, त्यात त्याला पुढे जाऊ द्यावे, पण त्यापायी त्याला वयाआधी मोठे करू नये. आणि ठरवण्याआधी एकदा त्यालाच विचारावे.