देवाच्या माशांचा उपास

परटाचे जुने धोतर. विरलेले, मधोमध ठिगळ.

बेलाचे पान पाण्यात पडते तेव्हा हिरवे असते. मग काळे होते. मग शिरांचे नुसते जाळे उरते.

गुळाच्या पाकात घोळलेल्या लाह्या.

बांबू. डोहात सोडला, तळ लागला नाही. त्याला दुसरा बांधला. तरी नाही.

देवळासमोर एका बाईने पदराने नाक धरले, आणि धरल्याची तिला लाज वाटली.

हे सगळे आवजी महाराजांच्या एकाच लीलेतले तुकडे आहेत. भक्तहो, ती लीला ज्यांनी पाहिली त्यांनाही ती सलग सांगता येत नाही. जमेल तशी सांगतो.

महाराज त्या उन्हाळ्यात कोंडसरीला होते. कोंडसरी घाटाखालचे गाव. तिथे नदी खडकात वळते, आणि वळणावर खोल डोह आहे. काठावर देवीचे देऊळ. महाराज देवळाच्या ओसरीवर उतरले होते. डोहात हातहात लांबीचे मासे. ते देवीचे, म्हणून त्यांना कोणी गळ लावत नसे. नवस फेडायचा तर त्यांना गुळाच्या लाह्या घालायच्या. मासे वर येऊन लाह्या टिपू लागले की देवीचा होकार मिळाला असे गाव मानी. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत पहिली टोपली दाजीबा खोतांची. मासे वर आल्याशिवाय पालखी उठत नसे.

गावात यमुना परटीण म्हणून एक बाई होती. घरात ती आणि डोळ्यांनी अधू झालेला सासरा. परटांचा धुण्याचा दगड पिढ्यान्‌पिढ्या डोहाच्या पायरीशी होता. मागे केव्हातरी यमुनेने आपले धुणे आपणहून कायमचे खाली नेले, डोह संपून धार पुढे निघते तिथे. वाट लांब, डोक्यावर ओले गाठोडे, चढ. तिला कोणी सांगितले नव्हते. कपडे धुण्याच्या खाऱ्या मातीचा फेस माशांच्या अंगावरून जाताना तिला बघवेना, एवढेच.

खाली जाण्याआधी ती रोज सकाळी पायरीवर थांबे आणि जुन्या धोतराची टोके धरून पाण्यावरचा कुजका थर ओढून काढी. लाह्या, हार, पत्रावळी, बेल. ते सगळे फणसाच्या बुंध्याशी नेऊन वर माती लोटी. उन्हाळ्यात धार बारीक झाली की डोहातले पाणी हलत नाही. लाह्या फुगतात, आंबतात, आणि वास सुटतो.

दाजीबा खोत देवळात येता-जाता हे पाहत. परटीण आता देवीचे पाणी धुवायला लागली, असे ते चारचौघांत म्हणत आणि चारचौघे हसत. एकदा त्यांनी तिला पायरीवरच गाठले.

"यमुने, एवढी हौस आहे तर आभाळालाही नीळ घालून ठेव."

यमुना म्हणाली, "आभाळाला वास येत नाही, खोत."

हे उत्तर खोतांना लागले. उलट बोलायचा तिचा हेतू नव्हता. तिला जे वाटत होते तेच ती बोलली होती.

त्या चैत्रात धार फारच बारीक झाली, यमुनेचे धोतर पुरेना, आणि मासे वर येईनासे झाले. आधी थोडे येत, मग एखादाच, मग कोणीच नाही. गावाने विचार केला : देवी रुसली. रुसलेल्याला जास्त वाढावे लागते, म्हणून लोक टोपलीऐवजी पोते ओतू लागले. मासे आणखी खाली गेले. मग लोकांनी आणखी ओतले. यात काही चुकते आहे असे कोणाच्याच मनात आले नाही. भक्तीत हात आखडता घ्यायचा, हे त्या गावाला सुचणेच शक्य नव्हते. पण रुसायला कारण काय, हे तर हवे होते. ते खोतांनी शोधले. देवीच्या माशांच्या तोंडचा घास परटीण रोज काढून नेते, मग देवी रुसेल नाही तर काय? देवळासमोर गाव बसले आणि ठरले, की यमुनेने डोहाला हात लावायचा नाही. आणि जत्रेच्या दिवशी मासे वर आले नाहीत, तर परटाच्या घराने गाव सोडायचे.

यमुना महाराजांकडे आली. सासऱ्याला घेऊन कुठे जाऊ, हे तिने विचारले नाही. तिने दुसरेच विचारले.

"महाराज, मी पाप केलं का? मला आता काहीच कळेना. लाह्या देवीच्या, मासे देवीचे, वासही मग देवीचाच का?"

महाराज म्हणाले, "मलाही कळत नाही, बाई."

यमुना पाहतच राहिली. गुरूने कर म्हणावे किंवा नको म्हणावे. महाराजांनी तिला गूळपाणी दिले, सासऱ्याची विचारपूस केली, आणि ती उठली तेव्हा तिच्याबरोबर पायरीपर्यंत आले. तिथे त्यांनी वाकून पाण्याचा वास घेतला आणि लहान मुलासारखे तोंड वाकडे केले. ती गोंधळलेलीच घरी गेली. धोतर खुंटीवर तसेच राहिले, आणि डोहावर साय धरावी तसा थर धरत गेला.

पौर्णिमेला दुपारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पालखी सजून उभी होती. खोतांनी पहिली टोपली ओतली. ताज्या लाह्या पिवळ्या थरावर पडल्या आणि तिथेच बसल्या, पाण्यापर्यंत पोचल्यादेखील नाहीत. खोतांनी दुसरी ओतली. सगळे वाकून पाहू लागले. थराला एक फट पडली आणि तिच्यातून एक मासा वर आला. पोट वर करून आला.

वाजंत्री आपोआप थांबली. खोतांनी गर्दीत यमुनेकडे बोट दाखवले. तिने मान खाली घातली आणि सासऱ्याचा हात घट्ट धरला.

तेव्हा ओसरीवरून महाराज खाली आले. खोतांनी हात जोडून विचारले, की देवीचे मासे खात का नाहीत. महाराज म्हणाले, "आज त्यांचा उपास असेल."

"पौर्णिमेला कसला उपास, महाराज?"

"मीही तेच बघायला निघालोय."

असे म्हणून महाराजांनी खांद्यावरची छाटी काढून हातात घेतली आणि ते पाण्यात उतरले. पायरी संपली तरी चालत राहिले. पाणी कमरेला लागले, छातीला लागले, आणि पुढे वाढलेच नाही. डोहाच्या मधोमध ते छातीभर पाण्यात उभे राहिले. कोंडसरीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते की त्या जागी दोन बांबूंनाही तळ लागत नाही. पण डोळ्यांना तर छातीभरच दिसत होते. आपण चुकीचे ऐकले होते की आता चुकीचे पाहतो आहोत, हे कोणाला ठरवता येईना.

महाराजांनी छाटी पाण्यावर पसरली, एक टोक पायरीकडे सारले आणि हाक दिली, "यमुने, हे टोक धर."

गावाने बंदी घातलेली, गाव समोर उभे, मेलेला मासा शेजारी. एवढ्या लोकांदेखत देवीपुढचा नैवेद्य ओढून काढायचा? यमुनेने सासऱ्याचा हात सोडला नाही. मग सासराच म्हणाला, "तुला बोलावलंय ना? जा की." ती शेवटच्या पायरीवर उतरली. तिने टोक धरले. छाटी सरकली तसा तिच्यामागे हिरवा, उघडा पाण्याचा पट्टा दिसू लागला.

खोत मोठ्याने म्हणाले, "परटिणीने महाराजांनाही धुण्याला लावलं." एकदोघे हसले. पण छाटी जड झाली होती, एकट्या यमुनेला ओढवत नव्हती. गुरवाची सून पायरीवरून खाली आली आणि तिने हात लावला. मग एक म्हातारी. मग पालखीचे भोई, पालखी खाली ठेवून. ओल्या लाह्यांचा ढीग काठावर वाढू लागला.

हे पाहून खोतांचा तोल गेला. जत्रेचा मान त्यांचा, आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते. पाणी छातीभरच आहे असे धरून ते उरलेली टोपली घेऊन महाराजांकडे तरातरा निघाले. पायरी संपली, आणि खोत दिसेनासे झाले. टोपली तेवढी वर राहिली.

भक्तहो, महाराज तीन पावले चालले. त्या पाण्यावर नव्हे, त्या पाण्यात, छातीभरच. त्यांनी हात खाली घातला आणि खोतांना दंडाला धरून वर काढले.

आणि त्याच वेळी मासे वर आले. सगळा डोह त्यांच्या पाठींनी काळा झाला. उघड्या पाण्याच्या पट्ट्यात ते तोंडे उघडत, मिटत राहिले. शेजारी लाह्या तरंगत होत्या, एकाही माशाने तिकडे वळून पाहिले नाही. मघाचा उताणा पडलेला मासा कुशीवर झाला, सरळ झाला, आणि त्यांच्यात मिसळला.

महाराज कशावर उभे होते? पूर्वेच्या काठावरचे म्हणाले, खडकावर. पश्चिमेचे म्हणाले, माशांच्या पाठींवर. यमुनेला विचारले तर ती म्हणाली, मी छाटीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी बांबू सोडून पाहिले. तळ लागला नाही.

खोत काठावर बसून पाणी ओकत होते. शुद्धीवर आले तसे ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको. जिला गावाबाहेर काढायला निघालास, तिच्यापुढे वाक."

गावचा खोत, ओल्या धोतराने, परटिणीसमोर वाकला. यमुना गोंधळून मागे सरली आणि तिनेही वाकून नमस्कार केला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची राहिली.

खोत म्हणाले, "आई, मला काही समजलं नाही. पण उद्या सकाळी मला बोलाव."

तिने बोलावले. खोत आले. नंतर घरटी एकेक जण येऊ लागला. कोणाचा पंचा, कोणाचे जुने लुगडे. नवसाची लाही आता माणशी चिमूटभर घालतात, बाकीची पायरीवर मुलांना वाटतात. निर्माल्य फणसाखाली जाते. देवी रागावते की नाही, याबद्दल गावात अजून दोन मते आहेत.

महाराज देशावरच्या कोरड्या मुलखातले होते. त्यांना पोहता येत नव्हते.