त्रेचाळीस आरंभांचं घंगाळ

एका गावात तांबटांची एक आळी होती. सकाळपासून तिथे ठोक्यांचा असा गजर चाले, की आळीतली माणसं प्रेमाने बोलायची तरी ओरडूनच बोलत. त्या आळीत अनंता नावाचा एक तांबट राहत होता. त्याचा हात सुरेख होता. गोम एवढीच, की तो हात हातोडीपर्यंत पोचत नसे.

त्याला आळशी म्हणावं, तर तो दिवसभर घामाघूम. सकाळी कामाला बसे. हातोडीचा दांडा जरा हलतोय असं वाटे, म्हणून सुताराकडे जाई. सुताराच्या दारात गाडीचं चाक निखळलेलं दिसे, ते बसवायला हात लावी. चाकाला वंगण हवं म्हणून तेल्याकडे जाई, तर तेल्याचा बैल लंगडत असे. दिवेलागणीला अनंता परत येई तेव्हा निम्म्या गावाची कामं झालेली असत आणि त्याचा तांब्याचा पत्रा सकाळी होता तसाच भिंतीला टेकलेला असे. "उद्या पहाटे बसतो आणि एका बैठकीत उरकतो," असं तो बायकोला, काशीला, सांगे. सांगताना तो खोटं बोलत नसे. त्याचं दुःख तेच होतं.

लोक त्याला आरंभशूर म्हणत. कोणी म्हणे, "नावच अनंता! मग कामाला अंत कुठून यायचा?"

त्या आळीची एक रीत होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा होई. प्रत्येकाने आपल्या ऐरणीपुढे स्वतःच्या हातचं एक नवं भांडं मांडायचं. जिच्यापुढे ओळीने तीन वर्षं भांडं नाही, ती ऐरण दुसऱ्याच्या घरी जायची. अनंताच्या ऐरणीपुढे दोन वर्षं नुसती झेंडूची फुलं होती. ती ऐरण त्याच्या वडिलांची. वडिलांच्या ठोक्यांनी तिच्या माथ्यावर एक गुळगुळीत खळगा पडला होता. तो खळगा दुसऱ्या घरात गेलेला पाहणं अनंताला सोसवलं नसतं.

नवरात्र आलं. घरोघर घट बसले, पण अनंता काही बसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ गणबा सुतळी घेऊन आला आणि ऐरणीचं माप घेऊ लागला.

"अजून नवमी उजाडली नाही, भावोजी," काशी म्हणाली.

"वहिनी, आरंभशूराच्या घरी लोखंड गंजवायचं कशाला? आमच्याकडे एकबैठकी भांडी होतात."

एकबैठकी म्हणजे मध्ये न उठता पुरं केलेलं भांडं. आळीत त्याचाच मोठा मान. माप घेऊन गणबा समोरच्या आपल्या ओट्यावर जाऊन ठोकू लागला. अनंता अपमानाने लाल झाला होता, तरी त्याची नजर सवयीने तिकडे गेलीच. जी नजर रोज त्याचा घात करायची, तिनेच त्या दिवशी एक गोष्ट टिपली. गणबा उठला. त्याने भांडं भट्टीत घातलं, लाल केलं, पाण्यात विझवलं आणि पुन्हा बसला. थोड्या वेळाने पुन्हा उठला.

अनंता रस्ता ओलांडून गेला. "गणबा, तुझी बैठक मोडली की!"

"तांबं ठोकून ठोकून ताठरलं, तापवायला नको? हे उठणं कुणी धरत नाही."

"वा रे न्याय! तांबं ताठरलं तर उठणं माफ, आणि माझं डोकं ताठरलं तर मी आरंभशूर!"

तो घरी आला तो तणतणतच. "काशी, मी एका बैठकीत करणार नाही. कधीच करणार नाही. जी बैठक मला या जन्मी यायची नाही, तिची वाट बघत मी दोन वर्षं घालवली. आता शंभरदा उठेन आणि शंभरदा बसेन!"

"उठण्याचं राहू द्या, ते तुम्हाला येतंच," काशी म्हणाली. "बसणार कसे, ते सांगा."

अनंताने डोकं खाजवलं. "नऊ ठोके मारेन. फक्त नऊ. दहावा मारायची सक्ती नाही."

काशीने चिंच भिजवली आणि घासायची भांडी घेऊन ती त्याच्यासमोर बसली. समोर एक माणूस आपल्या कामात आहे एवढ्यानेच अनंताला धीर आला. त्याने पत्रा ऐरणीवर घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "आरंभ!" नऊ ठोके झाले. दहावा आपोआपच पडला. पन्नासेक ठोक्यांनंतर रस्त्यात नंदीबैल आला आणि अनंता उठला.

तेव्हा काशीने काय केलं, चुलीतला कोळसा आणून पुढचा ठोका जिथे पडायचा तिथे एक काळा ठिपका दिला. अनंता परत आला तेव्हा कुठून सुरुवात करू हा घोळच नव्हता. ठिपका वाट बघत होता. "आरंभ!" म्हणून त्याने ठोका घातला.

आळीला आयती करमणूक झाली. गणबा भिंतीवर रेघा ओढू लागला आणि "सतरावा आरंभ!" म्हणून ओरडू लागला. आळी खो खो हसे.

सहाव्या दिवशी घात झाला. अनंता पाणी आणायला नदीवर गेला आणि भोई लोक होडीची डागडुजी करत होते ते बघत राहिला. भानावर आला तेव्हा ऊन कललं होतं. एरवी असा उशीर झाला की तो शरमेने पुन्हा कामाला बसतच नसे, आणि बसला नाही म्हणून आणखी शरमत असे. सगळी आळी वाट बघत असेल, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याला वडिलांचा तो खळगा आठवला. तो तरातरा आळीत शिरला आणि गणबाने तोंड उघडायच्या आत स्वतःच गरजला, "एकतिसावा! ओढ रेघ!"

नवमीला अनंताच्या ऐरणीपुढे एक घंगाळ होतं.

आळीचे म्हातारे मुखिया दाजी सगळी भांडी पारखत आले. त्यांनी घंगाळाच्या आतून हात फिरवला. ठोक्यांची लय जिथे बदलली होती तिथे तिथे त्यांचं बोट थांबलं. "इथे उठलास. इथेही उठलास. आणि हे बघ, इथे."

"त्रेचाळीस वेळा उठलो, दाजी," अनंता म्हणाला. "आणि त्रेचाळीस वेळा बसलो. तेही मोजा."

"हे एकबैठकी नाही!" गणबा ओरडला.

दाजींनी घंगाळ पाण्याने भरलं. थेंबही गळला नाही. "रीत स्वतःच्या हातच्या भांड्याची आहे, गणबा. पाण्याला बैठका मोजता येत नाहीत." मग ते अनंताला म्हणाले, "पुढच्या वर्षी मात्र एका बैठकीत करून दाखव हो."

"नाही," अनंता म्हणाला. "पुढच्या वर्षीही असंच. आरंभशूर म्हणायचं तर खुशाल म्हणा."

दाजींना कोणी असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दाजी एकदम हसले.

दसऱ्याला पूजेतली हत्यारं उचलून कामाच्या नव्या वर्षाचा पहिला ठोका घालायचा मान दाजींचा असे. त्यांनी हातोडी अनंतापुढे धरली. "मी जन्मभरात शे-दोनशे भांडी केली, आरंभही तेवढेच केले. या गड्याने एका घंगाळात त्रेचाळीस केले. आरंभाचा मान आता याचा."

गणबाने मान खाली घातली. अनंताने वडिलांच्या ऐरणीवर नवा पत्रा घेतला आणि ठोका घातला. दुसरा घातला, तिसरा घातला. तेवढ्यात वरून राव्यांचा थवा गेला आणि तो उठून बघायला धावला.

काशीने कोळसा उचलला आणि ठिपका दिला.

तात्पर्य: एका बैठकीची वाट बघत बसण्यापेक्षा छोटासा आरंभ करावा, मोडला तर न लाजता पुन्हा करावा. पुन्हा पुन्हा आरंभ करणाऱ्याचं काम पुरं झाल्याशिवाय राहत नाही.