बिगविगांच्या पगड्या

दसऱ्याच्या दरबारात प्रत्येक मानकऱ्याच्या डोक्यावर त्याच्या मोठेपणाएवढी पगडी हवी आणि एकाचीही तक्रार येता कामा नये, असा हुकूम सोनटेकच्या राजेसाहेबांनी सोडला. तक्रार आली, तर पगड्या बांधणाऱ्या रखमाजीचं वतन जप्त!

हे खूळ गोऱ्या साहेबाकडून आलं. शिकारीला आलेल्या साहेबाने विचारलं होतं, "तुमच्या राज्यात बिगविग किती?" राजेसाहेबांना शब्द कळला नाही, म्हणून ते पोट धरून हसले. साहेब गेल्यावर दिवाणांनी अर्थ सांगितला, "विलायतेत पूर्वी बडे लोक केसांचे टोप घालीत. टोप जेवढा मोठा, तेवढा माणूस मोठा. म्हणून बड्या असामीला बिगविग म्हणतात. पण जरा थट्टेनंच म्हणतात, सरकार." शेवटचं वाक्य राजेसाहेबांनी ऐकलं नाही. सोयीचं तेवढंच ऐकणं हे त्यांचं पिढीजात शिक्षण होतं.

मानकरी बारा. बाराही जणांचा निरोप एकच, माझी पगडी सगळ्यांत मोठी हवी. रखमाजीने अंथरूण धरलं. मग त्याची मुलगी येसू कापडाचा गठ्ठा घेऊन घरोघर निघाली.

"कापड किती हात लावू, सरदार?"

"शंभर!"

"लावते की. फक्त मुजरा जपून करा. तीनदा जमिनीपर्यंत वाकायचंय. पगडी घसरली तर भर दरबारात बोडके दिसाल."

सरदारांनी तिथेच वाकून पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "वीस पुरे."

बाराही घरी हेच झालं. ज्याचा मुजरा जास्त खोल, त्याची पगडी जास्त लहान. सेनापती तर जवळजवळ रुमालावर आले.

दसऱ्याला दरबार भरला. बारा चिमुकल्या पगड्या पाहून राजेसाहेब भडकले.

"पोरी, माझ्या दरबारात एकही मोठा माणूस नाही?"

"माप ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, सरकार. कुणाची तक्रार असेल तर विचारा."

बाराही जणांनी पगडी सांभाळत नकारार्थी मान हलवली.

"मग माझी तरी मोठी बांध," राजेसाहेब म्हणाले. "दोनशे हातांची! मी कुणापुढे वाकत नाही."

"बांधते," येसू कापड उलगडत म्हणाली. "पण आता घटकाभरात साहेब यायचेत. त्यांच्यापुढे किती वाकणार तेवढं सांगा, म्हणजे त्या अंदाजानं कापते."

दिवाण छताकडे बघू लागले. राजेसाहेब आधी लाल झाले, मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"रखमाजीचं वतन कायम," ते म्हणाले. "आणि हे दोनशे हात कापड तुला बक्षीस."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी दहा हातांत बसव."