हात मागे घेऊन बघायची सीता

आंबेखोलच्या देवळात शिरताना माणसं हात जोडत नाहीत, पाठीमागे बांधतात. पाहुण्यांना हसू येतं. मास्तरांनी उभं केल्यासारखं वाटतं, म्हणतात. हसा बापडे, पण हात मागेच ठेवा. आणि पायरीजवळ कुंकवानं माखलेला तो काळा दगड दिसतोय ना, कुंकू लावायचं ते त्याला. आतल्या सीतामाईला बोट लावायचं नाही. असं का, ते मला माझ्या आजेसासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार पूर्वी इथं सखबा चित्रकथी राहायचा, म्हणे. एकेक चित्र लोकांपुढे धरायचं आणि त्याची कथा गायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. चित्रांची चळत फडक्यात बांधलेली असायची, तिलाच पोथी म्हणत. सखबाच्या पणज्यानं ती मातीच्या नि पाल्याच्या रंगांनी काढली होती. त्यात अशोकवनातली सीता होती. रडून झाल्यावर माणूस जसं बघतं, तशी ती बघायची.

कथा संपली की बाया पुढे सरायच्या आणि सीतेच्या कपाळाला कुंकू लावायच्या. कुणाचा नवरा गलबतावर, कुणाची लेक माहेरी येऊन बसलेली. हिला आपलं सगळं कळतं, असं वाटायचं त्यांना. वर्षानुवर्षं कुंकू चढत गेलं, पार भुवयांखाली उतरलं.

सखबाची सून सगुणा मोठी हौशी. रामनवमीला सीता लख्ख दिसावी म्हणून तिनं आदल्या सकाळी पदर ओला केला आणि लेकराचं तोंड पुसावं तसा मायेनं फिरवला. कुंकू निघालं. त्याच्याबरोबर डावा डोळाही निघाला. पदराला काळा डाग आणि त्या जागी नुसता कागद.

सखबाचे हात तोवर कापायला लागले होते. त्याचा लेक गळ्याचा गोड, पण चितारायचं त्याच्या हाती आलं नव्हतं. डोळा पुन्हा काढणारं घरात कुणी नव्हतं. सगुणा चित्र घेऊन म्हाताऱ्यापुढे बसली. तो म्हणाला, म्हणे, "गेला तो गेला, सूनबाई. राहिलाय तो सांभाळ."

रामनवमीला देवळात कथा झाली, बाया कुंकू घेऊन उठल्या. सगुणा चित्रापुढे आडवी उभी राहिली. हात पाठीमागे बांधून. लांबूनच बघा म्हणाली. तशी कुजबुज सुरू झाली. स्वतः पुसून बसली, आता आम्हाला शिकवते, असंही कुणी बोललं. ते खोटं नव्हतं, पण सगुणानं हात सोडले नाहीत. त्यात कृष्णी तांडेलीण होती. तिच्या नवऱ्याच्या गलबताचा तीन महिने पत्ता नव्हता. ती म्हणाली, "हात लावल्याशिवाय तिला माझं कळायचं कसं?"

सगुणा बाहेर आली, त्या काळ्या दगडावर बसली आणि कपाळ पुढे केलं. "मला लाव. मी सांगते तिला."

"म्हणजे आता तुला देवी म्हणायचं होय गं?"

"देवी नको म्हणू. पायपुसणं म्हण. पण बोटं इथंच पूस."

कृष्णीनं रागानं दाबून कुंकू लावलं, म्हणे, नख उमटेल एवढं. मागोमाग बाकीच्या आल्या. आठव्या दिवशी गलबत खाडीत शिरलं. मग कुणी वाद घातला नाही.

सगुणा दर रामनवमीला त्या दगडावर बसत गेली. कपाळाची कातडी सोलवटली, केस पिकले, तरी बसली. जाताना म्हणाली, आता दगडालाच लावत जा, त्याला झोंबत नाही.

पुढे एक नामी चितारी आला. फुकट डोळा काढून देतो म्हणाला, अगदी जुन्यासारखा. गावानं त्याला पोटभर जेवू घातलं आणि नको म्हणून सांगितलं. ती कोरी जागा आहे, म्हणून तर हात मागे राहतात.

आजही पोथी वर्षातून एकदाच उघडते, आणि सखबाच्या घरची सूनच ती उघडते. आज तो दिवस आहे. जा आत. एकाच डोळ्यानं बघते ती, पण आलेल्या प्रत्येकीचं तिला पुरतं कळतं.