कोरडी आंघोळ

बापूसाहेब धुमाळांचे भाड्याने द्यायचे सात फ्लॅट होते. रंग दरवर्षी नवा, वायरिंग मात्र वडिलांच्या काळातलं. वायरिंगचं काम करणारी नंदा खरमाटे म्हणाली, "अर्थिंग नाही, गिझरचा शॉक बसेल."

"भाडेकरूंचे एवढे लाड नकोत. वरून रंग मारला की झालं."

नवा भाडेकरू येण्याआधी बापूसाहेब नेहमीसारखे पूजेला आले. त्यांनी नारळ फोडला, तसं नंदानं त्यातलं पाणी त्यांच्याच ओंजळीत ओतलं. म्हणाली, "आता पहिलं बटण मालकांच्या हातानं. गिझरचं दाबा."

बापूसाहेबांनी झटकन हात मागे घेतले. "अगं, हात ओले आहेत माझे."

"मग भाडेकरूनं काय कोरडी आंघोळ करायची?"

बापूसाहेबांनी धोतराला हात पुसले आणि सातही फ्लॅटचं अर्थिंग करायला सांगितलं.